पाच-दहा मिनिटं

रविवारी दुपारी एक वाजता, आधी फोन न करता, सहा जणांनी पुण्यात जेवायला बाहेर पडायचं यात चूक आमचीच होती. आबांचा ब्याऐंशीवा वाढदिवस. त्यांना अचानक 'ते चायनीज की काय ते' खायची लहर आली. नणंदेने मोबाइलवर शोधून काढलेल्या हॉटेलच्या पायऱ्यांवर आमच्यासारखीच पाच-सहा कुटुंबं ताटकळत उभी होती. आतून तापलेल्या कढईत काहीतरी पडल्याचा चर्र आवाज येत होता आणि लसूण-व्हिनेगरचा तो भूक खवळवणारा वास. दारापाशी उंच टेबलामागे एक मुलगा वही घेऊन उभा होता. विशी-बाविशीचा, काळा शर्ट, नीट पाडलेला भांग, चेहऱ्यावरून ईशान्येकडचा असावा. त्याने नाव विचारलं. मी म्हटलं, "सहस्रबुद्धे." त्याचं पेन थांबलं. "फिर से बोलिए, मॅडम?" मी तोडून तोडून सांगितलं. ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघत त्याने ते लिहून घेतलं. किती वेळ लागेल, असं नवऱ्याने विचारलं. मुलगा वहीतून मान वर न करता, अगदी शांतपणे म्हणाला, "पाँच-दस मिनट."

आणि आम्ही दोघं फस्सकन हसलो.

साधं हसू नव्हे ते. एकमेकांकडे बघून, तोंडावर हात दाबून, वर्गात मागच्या बाकावर फुटतं तसलं. त्या मुलाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. राग नाही आला. तिथे जे काही आधी होतं ते फक्त पुसलं गेलं, आणि 'हे असं होतंच' अशी एक सवयीची सपाटी आली. त्यात आबा मागून मोठ्याने म्हणाले, "काय झालं? काय म्हणतो तो चिनी?" आबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आबांचं सगळं सगळ्यांना ऐकू जातं. 'चिनी' हा शब्द कळायला मराठी यावं लागत नाही. अर्धा तास झाला, आबांची साखरेची गोळी घेऊन झाली होती, त्यांना जास्त वेळ उपाशी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही तिथून निघालो आणि जवळच्या एका खानावळीत थाळी खाऊन घरी आलो. वाढदिवस साजरा झाला. मला मात्र रात्री झोप लागेना. त्या मुलाला आम्ही हसलो नव्हतो, हे खरं. पण ते त्याला सांगायचं तर तीस वर्षांपूर्वीची एक अमेरिकन मालिका, न्यू जर्सीतलं एक भाड्याचं घर आणि नव्वदी ओलांडलेला एक नट, एवढं सगळं त्या पायरीवर उभं राहून सांगावं लागलं असतं. आणि 'अरे, तुला नाही हसलो' हे वाक्य आजवर जगात कुणी खरं मानलेलं नाही.

आम्ही १९९८ साली न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो. नवऱ्याचं कंपनीचं काम, माझा एच-फोर, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा. तेव्हा त्याचा अर्थ राहा, स्वयंपाक करा, बर्फ बघा, पण नोकरी करायची नाही. घरभर भुऱ्या रंगाचा कार्पेट, त्यात मुरलेला आधीच्या भाडेकरूंच्या कढीपत्त्याचा वास, रात्रभर टिकटिकणारा हीटर. मला इंग्रजी वाचता येत होतं, ऐकू येत नव्हतं. लोक बोलायचे आणि वाक्य संपून ते निघून गेल्यावर मला त्याचा अर्थ लागायचा. म्हणून मी टीव्ही लावून, खाली अक्षरं चालू ठेवून बसायचे. 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचे जुने भाग तेव्हा रोज रात्री पुन्हा दाखवायचे. पहिले दोन महिने मी लोक हसले की हसायचे. तिसऱ्या महिन्यात एके रात्री मी लोकांच्या आधी हसले, आणि नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला की झालं काय.

तो भाग चायनीज रेस्टॉरंटचा होता. ज्यांनी पाहिलाय त्यांना काही सांगायला नको. जेरी साइनफेल्ड आणि त्याचे मित्र जॉर्ज आणि इलेन सिनेमाच्या आधी पटकन जेवून घ्यावं म्हणून येतात आणि शेवटपर्यंत त्यांना टेबल मिळत नाही. बस, एवढंच. २३ मे १९९१ ला तो पहिल्यांदा दाखवला गेला. वाहिनीच्या साहेबलोकांना तो मुळीच पसंत नव्हता, कारण यात गोष्टच नाही! गोष्ट नाही कशी? भूक आहे, रांग आहे, लाच आहे, आणि दाराशी टेबलामागे एक चिनी माणूस आहे, जो दर वेळी त्याच सुरात 'पाच-दहा मिनिटं' म्हणतो. जॉर्जचा फोन येतो तेव्हा तो 'कार्टराइट! कार्टराइट!' असा पुकारा करतो आणि आपलं नाव काही वेगळंच झालंय हे जॉर्जला कळेपर्यंत फोन ठेवलेला असतो. शेवटी तिघंही वैतागून बाहेर पडतात, दार बंद होतं, आणि त्याच क्षणी तो वहीत बघून हाक देतो, 'साइनफेल्ड, चौघं!'

त्या रात्रीपासून आमच्या घरात 'पाच-दहा मिनिटं' हा शब्दप्रयोग झाला. कुकर किती वेळात होईल, पाच-दहा मिनिटं. तू ऑफिसातून कधी निघणार, पाच-दहा मिनिटं. मीही तो अगदी त्या माणसासारखा म्हणायचे, उच्चारासकट. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा तीही तसंच म्हणायला लागली. आम्हाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी तो 'तो चायनीजवाला' होता. आणि हे मी कुठल्या घरात बसून म्हणत होते? ज्या घरातली बाई दवाखान्यात गेली की नर्स दारात यायची, हातातल्या फाइलकडे बघायची, एक खोल श्वास घ्यायची, आणि तो श्वास ऐकूनच ही बाई उठून उभी राहायची. माझं आडनाव उच्चारायची वेळ मी सात वर्षांत कुणावर येऊच दिली नाही. कॉफीच्या दुकानात मी 'सॅम' होते. सहस्रबुद्ध्यांची सॅम.

त्याचं नाव जेम्स हाँग. जन्म २२ फेब्रुवारी १९२९, मिनिआपोलिस. म्हणजे अमेरिकेच्या थेट उत्तरेचा, आमच्या एडिसनपेक्षा कितीतरी जास्त बर्फातला. लहानपणाची काही वर्षं हाँगकाँगमध्ये गेली, दहा वर्षांचा असताना परत आला, आणि मग शाळा-कॉलेज सगळं अमेरिकेतच. तो 'चायनीजवाला' उच्चार, ज्याची मी इतकी वर्षं नक्कल केली, तो त्याचा स्वतःचा नव्हताच. तो त्याने त्या भूमिकेला चढवला होता, जसा कोट चढवला होता तसाच. म्हणजे मी नक्कलच केली, पण नकलेची.

आणि नकलांवरच तर त्याचं सगळं सुरू झालं. मुळात हा माणूस स्थापत्य अभियंता. लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर! सरकारी नोकरी, तीही रस्ते बांधणी खात्यात. आपल्याकडे असतं तर स्थळांची रांग लागली असती. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात भरती झाला तिथेही अलाबामातल्या तळावर सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम बसवत राहिला. मग १९५४ मध्ये ग्राउचो मार्क्स या विनोदी नटाच्या प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात जाऊन त्याने नकला केल्या, त्यात खुद्द ग्राउचोसमोर ग्राउचोची. लोकांना आवडल्या, सिनेमाची कामं यायला लागली. सुरुवातीला तो रजा काढून शूटिंगला जायचा, आजारपणाची रजासुद्धा. हा तपशील वाचून मला तो एकदम ओळखीचा वाटला. राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमींसाठी 'ताप आलाय' म्हणणारे किती बँकवाले आणि एलआयसीवाले आपण पाहिलेत! दीडएक वर्षात त्याने नोकरी सोडली. पुढे सहाशेहून जास्त भूमिका. सहाशे! रोज एक बघायची म्हटली तरी पावणेदोन वर्षं लागतील.

सहाशे भूमिका म्हणजे मोठं वैभव वाटतं, पण त्यांची यादी वाचायला बसलं की हळूहळू घसा कोरडा पडतो. नोकर, धोबी, स्वयंपाकी, गुंड, शत्रूचा सैनिक, आणखी एक गुंड, गूढ म्हातारा. चिनी, जपानी, कोरियन, जे लागेल ते, कारण कॅमेऱ्यामागच्या माणसांना फरक कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. १९५६ मध्ये जपानी 'गॉडझिला' अमेरिकन प्रेक्षकांसाठी इंग्रजीत केला तेव्हा त्यातल्या अनेक जपानी पात्रांना या मिनेसोटाच्या पोराने आवाज दिला. पुढच्याच वर्षी चार्ली चॅन नावाच्या चिनी गुप्तहेराची मालिका आली. त्यात चॅनच्या मुलाचं काम हाँगला मिळालं. आणि खुद्द चॅन? तो होता जे. कॅरोल नेश, आयरिश वंशाचा गोरा नट. बापाचे डोळे रंगरंगोटीचे, मुलाचे खरे. एका चौकटीत दोघं शेजारी उभे राहायचे आणि अमेरिकेला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. तेव्हाची रीतच ती. १९३७ सालच्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकरी बाईचं काम लुइस रायनरला मिळालं, त्याबद्दल तिला ऑस्करही मिळालं, आणि अ‍ॅना मे वाँग नावाची त्या काळची सर्वांत मोठी चिनी-अमेरिकन नटी घरी बसली.

आपल्याकडे अशा नटांना 'चरित्र अभिनेता' म्हणतात. हा शब्द कुणी काढला ठाऊक नाही, पण काढणाऱ्याला विनोदाचं अंग असावं. ज्याचं चरित्र लिहायचं कुणाच्या मनात येत नाही, तो चरित्र अभिनेता. माझा एक मामा दर वर्षी गणेशोत्सवातल्या नाटकात हवालदार व्हायचा. दुसऱ्या अंकात एकदाच यायचा आणि म्हणायचा, "साहेब, गाडी आली." या तीन शब्दांची तो महिनाभर तालीम करायचा. कधी 'साहेब'वर जोर, कधी 'आली'वर. आम्ही पोरं त्याला वर्षभर 'गाडी आली' म्हणून चिडवायचो आणि तो खूश व्हायचा. पण प्रयोग संपला की मामा खाकी डगला खुंटीला अडकवायचा, तोंड धुवायचा आणि मामा होऊन पिठलं-भात खायला बसायचा. जेम्स हाँगची पंचाईत ही की त्याचा डगला उतरण्यासारखाच नव्हता. शूटिंग संपवून तो रस्त्यावर आला तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याच्यात धोबी किंवा गुंडच दिसणार. आपल्या चेहऱ्यालाच पोशाख समजणाऱ्यांच्या गावात नटाने करायचं काय?

त्याने एक केलं. १९६५ मध्ये तो, माको नावाचा नट आणि आणखी काही जणांनी मिळून लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेअर्स' नावाची नाटक मंडळी काढली. सुरुवात 'राशोमोन' या नाटकाने. जे टीव्ही करू देत नव्हता ते रंगमंचावर करायचं: प्रेमिक व्हायचं, राजा व्हायचं, खुनी व्हायचं तर नीट, कारणासकट व्हायचं. ती संस्था आजही चालू आहे. पण पोट काही 'राशोमोन'वर भरत नाही, हे हौशी-प्रायोगिकवाल्यांना मी काय सांगावं. दिवसा पुन्हा तेच. 'बोनान्झा', 'पेरी मेसन', 'हवाई फाइव्ह-ओ', 'कुंग फू', प्रत्येकात कुठेतरी हा येऊन जातो. १९७४ च्या 'चायनाटाउन'मध्ये सिनेमाचं नावच चिनी वस्तीचं, आणि हा कोण, तर नायिकेचा बटलर. दार उघडतो, बंद करतो. पण बघा कधी: दार उघडताना तो आत आलेल्या माणसाकडे एक क्षण जास्त बघतो. त्या एका क्षणात कळतं की या घरात काय चाललंय ते याला सगळं ठाऊक आहे आणि हा कुणाला काही सांगणार नाही.

'ब्लेड रनर' मी फार उशिरा पाहिला, मुलीच्या आग्रहाने. त्यात हा कृत्रिम माणसांचे डोळे घडवणारा कारागीर आहे. बर्फासारख्या थंड खोलीत, अंगावर फरचा जाडजूड कोट. ते दृश्य खरोखरीच्या शीतगृहात चित्रित केलं होतं, त्यामुळे तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. दोघं जण येऊन त्याला धमकावतात आणि तो काकुळतीला येऊन सांगतो की मला बाकी काही माहीत नाही, मी फक्त डोळे करतो. सगळी मिळून दोन-तीन मिनिटं. पण त्यात त्याच्या बोटांत एका कामगाराची सगळी माया दिसते. आपण बनवलेला डोळा समोर उभा राहून आपल्याकडेच बघतोय, याचं त्या भीतीतही त्याला होणारं कौतुक दिसतं. आयुष्यभर ज्याच्या डोळ्यांवरून त्याला काम मिळालं किंवा मिळालं नाही, त्याच्या हाती दिग्दर्शकाने डोळेच द्यावेत! हे मुद्दाम केलं होतं असं मी म्हणत नाही. मला तसं दिसलं, इतकंच.

पुढे १९८६ मध्ये 'बिग ट्रबल इन लिटल चायना'मध्ये शतकानुशतकं जगणारा मांत्रिक लो पॅन, हे त्याला मिळालेलं पहिलं भरपेट काम म्हणायचं. सिनेमा पडला. नंतर घरोघरी कॅसेटवर बघून लोकांनी तो डोक्यावर घेतला, पण तोवर पाच वर्षं गेली आणि हा 'साइनफेल्ड'च्या दारात वही घेऊन उभा होता.

त्या रविवारच्या रात्री झोप येईना म्हणून मी तो भाग पुन्हा लावला. हेडफोन घालून, अंधारात. आणि मला धक्काच बसला, कारण जे मला आठवत होतं ते तिथे नव्हतंच. मला आठवत होता एक विनोदी उच्चाराचा चिनी. पडद्यावर होता एक व्यवसाय सांभाळणारा माणूस. तो कुणापुढे झुकत नाही, कुणावर खेकसत नाही. तिघं जण भुकेने, फोनच्या वाटेने, खोटं बोललेल्या काकाच्या भीतीने हळूहळू जनावर होत जातात, लाच देतात, एकमेकांवर डाफरतात. हा मात्र आपल्या वहीत बघतो आणि सांगतो, पाच-दहा मिनिटं. गंमत त्याच्या उच्चाराची नाहीच. गंमत त्याच्या ढळत नसलेल्या सुराची आहे. तबलजी ठेका धरून बसतो आणि गवई त्यावर वाटेल त्या कसरती करतात, तसा हा त्या बावीस मिनिटांचा ठेका धरून बसलाय. तो जरा हलला असता तर सगळा भाग कोसळला असता. म्हणजे लिहिणाऱ्यांनी त्याला चायनीज हॉटेलातला चिनीच केलं होतं, पण त्याने त्या टेबलामागे उभं राहून त्या प्रसंगातला एकमेव शहाणा माणूस करून ठेवला. मग मी १९९८ साली कशाला हसले होते? त्या ठेक्याला, असं म्हणायला मला फार आवडेल. थोडी त्यालाही हसले असेन. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर परक्या देशात माझ्यापेक्षा वाईट इंग्रजी बोलणारं कुणीतरी मिळाल्याचा आनंद त्यात होता.

आणि तेही खोटंच, कारण त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं.

२००८ मध्ये 'द बिग बँग थिअरी' या विनोदी मालिकेत तो पुन्हा चायनीज हॉटेलवाला झाला. त्यातला शास्त्रज्ञ शेल्डन त्याच्यासमोर मोडकीतोडकी मँडरिन चिनी झाडतो तो भाग. म्हणजे सतरा वर्षांत टेबलाच्या त्या बाजूचा माणूस त्याच बाजूला. त्याच वर्षी 'कुंग फू पांडा' आला. आम्ही तोवर पुण्यात परतलो होतो. मुलीने ती डीव्हीडी इतक्यांदा लावली की शेजारच्या काकूंना संवाद पाठ झाले. त्यातला पांडाचा बाप, नूडल्सचं दुकान चालवणारा तो हंस म्हणा, बदक म्हणा, त्याचा आवाज याचाच! पुन्हा नूडल्स, पुन्हा दुकान. पण इथे चेहराच नव्हता. बदकाला कोण विचारतो तू कुठला? त्यामुळे तिथे उरला तो फक्त बाप. पोराने आपलं दुकान चालवावं म्हणून झुरणारा, आणि पोर भलतंच काही निघालं तरी त्याच्या पाठीमागे कढई घेऊन धावणारा. दोन फुटांवरून मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला आणि मला ओळखू आला नाही. आपण कान कुठे ठेवतो कुणास ठाऊक.

नाव मला कळलं ते पार २०२३ मध्ये. मुलगी तेव्हा तिकडे शिकत होती. पहाटे तिचा निरोप आला, "आई, तुझा पाच-दहा मिनिटंवाला बघ," आणि खाली एक चित्रफीत. नटांच्या संघटनेचा पुरस्कार सोहळा, २६ फेब्रुवारी. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स'च्या सगळ्या नटमंडळींना एकत्रित पारितोषिक मिळालं होतं, आणि त्यात चिनी आजोबांचं काम करणारा हा म्हातारा मध्यभागी ध्वनिवर्धकापुढे उभा होता. चारच दिवसांपूर्वी चौऱ्याण्णव पूर्ण झालेली. तो हसत हसत 'द गुड अर्थ'बद्दल सांगत होता, गोऱ्या नटांच्या डोळ्यांना कशी चिकटपट्टी लावायचे ते हाताने डोळे ताणून दाखवत होता, ते कसे बोलायचे त्याची नक्कल करत होता. पुन्हा नक्कल, सत्तर वर्षांनी, पण आता बाण उलट्या दिशेने. निर्माते म्हणायचे की आशियाई नट तेवढे चांगले नाहीत, त्यांच्यावर गल्ला जमत नाही. आणि आता बघा आमच्याकडे, असं तो म्हणाला आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. मी स्वयंपाकघरात चहा उतू जाऊ दिला.

त्याच्या आदल्या वर्षी, १० मे २०२२ ला, हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसला होता. वय त्र्याण्णव, तो मान मिळालेला सगळ्यांत वयस्क नट. तोही कुण्या स्टुडिओला आठवण झाली म्हणून नव्हे. डॅनियल डे किम नावाच्या कोरियन-अमेरिकन नटाला वाटलं की हे व्हायला पाहिजे, त्याने २०२० मध्ये लोकांकडे वर्गणी मागितली, आणि चार दिवसांत ५५,००० डॉलर जमले. वर्गणी काढून मान! गणपतीची पावती फाडून वाढलेल्या मला हे फार जवळचं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली, हॉलिवूडच्या वतीने. मार्च २०२३ मध्ये ऑस्करला तो आला तेव्हा त्याच्या गळ्यातल्या बो-टायवर दोन खेळण्यातले डोळे चिकटवलेले होते. आतली काळी टिकली हलणारे, लहान मुलांच्या हस्तकलेत असतात तसले. त्या सिनेमात अशा डोळ्यांना महत्त्व आहे, म्हणून ते. पण मला ते बघून खुदकन हसू आलं आणि लगेच घशात काहीतरी आलं. त्याला हुतात्मा करण्यात मात्र अर्थ नाही. तो हुतात्म्यासारखा दिसतच नाही. सहाशे वेळा नटायला मिळालेल्या, आणि आणखी शंभर वेळा मिळालं तर नको न म्हणणाऱ्या माणसासारखा दिसतो.

लिहिताना आत्ता लक्षात आलं की नव्वदी ओलांडलेल्या माणसाला मी मघापासून 'तो' म्हणतेय. आवडत्या नटाला आपण अरे-तुरेच करतो, त्यात काही गैर नाही. हॉटेलातल्या त्या मुलालाही सगळे अरे-तुरेच करतात. त्याचं कारण मात्र आवड नसतं.

त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. वहीवर त्याच्याकडे आमचं नाव होतं, आमच्याकडे त्याचं नव्हतं. आणि एक गोष्ट मी वर सांगायची टाळली. आम्ही निघालो तेव्हा आबा-आईंना आणि नणंदेला पहिल्या रिक्षात बसवलं, नणंदेचा नवरा दुचाकी घेऊन आला होता तो मागे मागे निघाला, आणि आम्ही दोघं दुसऱ्या रिक्षात बसत होतो. तेवढ्यात वरून हाक आली. तो मुलगा वही घेऊन सगळ्यांत वरच्या पायरीवर आला होता आणि गर्दीवरून नजर फिरवत होता. "सहस्रबुद्धे! सहा!" सहा हे मराठीत. आणि आडनावातलं एकही अक्षर न गाळता, 'स्र' आहे तिथे 'स्र', जोडाक्षरावर न अडखळता, सणसणीत. एडिसनच्या सात वर्षांत मला कुणी अशी हाक मारलेली नव्हती. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही हसलो नाही. रिक्षावाल्याने मीटर टाकलं आणि वळण घेतलं, आणि टपाच्या मागच्या छोट्या फटीतून मला तो दिसत राहिला, पायरीवर, पुन्हा एकदा वहीत बघून तेच नाव पुकारताना.